भंडारदऱ्याचे धबधबे, भरलेलं आभाळ आणि पांढरेफटक फोटो

रानवाट
ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवस भंडारदऱ्याला जायचं ठरतंय. मुक्काम धरणाजवळच्या शेंडी गावात, दुसऱ्या दिवशी जलाशयाभोवतीचा रिंग रोड: मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर. रंधा धबधबा परतीला. ऊन मिळणार नाही हे धरूनच चाललोय.

सामान असं: क्रॉप (लहान) सेन्सरचा डीएसएलआर, १८-५५ आणि ५५-२५० लेन्स, हलका ट्रायपॉड, सीपीएल (चकाकी कापणारा पोलरायझर फिल्टर), एनडी८ आणि एनडी१००० (उजेड अडवणारे गडद फिल्टर).

ढगाळ हवेतल्या फोटोंची दुखणी नेहमीचीच. पाणी एकसलग पांढरं, त्यात एक धार म्हणून दिसत नाही. कातळ काळा यायचा तो राखाडी आणि चकाकता. सगळ्यावर निळसर झाक. चौकटीत आभाळ आलं की तेवढा तुकडा जळालेला. सेटिंग सहसा आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/२२ (लेन्सचं छिद्र अगदी लहान; एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान), ४ सेकंद. त्यात लेन्सवरचे थेंब घरी मोठ्या स्क्रीनवरच दिसतात.

तर एनडी कुठला लावायचा, सेकंद किती, आणि धुकं उतरलं तर काय? सोबतच्या दोघांकडे फक्त मोबाइल आहेत, त्यांच्यासाठीही काही सांगा.

काळाकातळ
आधी एनडी१००० घरी ठेवा, त्याचं इथे काही काम नाही.

हिशेब बघा. भरलेल्या आभाळाखाली उघड्यावर आयएसओ १००, एफ/११ ला साधारण १/३० सेकंद मिळतो. सीपीएल दीड-दोन स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे १/८ च्या आसपास आलात. झाडीत किंवा घळीत शिरलं की उजेड आणखी दोन स्टॉपनी उतरतो, तिथे सीपीएलसकट अर्धा सेकंद आपोआप मिळतो. म्हणजे झाडीतल्या धबधब्याला एनडी लागतच नाही. एनडी८ तीन स्टॉपचा, उघड्यावर १/८ चा १ सेकंद करायला पुरेसा. एनडी१००० दहा स्टॉपचा, तो त्याच १/८ ची दोन मिनिटं करून ठेवतो. दोन मिनिटांत एकही फांदी जागेवर राहत नाही.

तुमचे ४ सेकंद कुठून आले तेही कळतंय: एफ/२२, सीपीएल आणि एनडी८, तिन्ही एकदम. एफ/२२ सोडाच. क्रॉप सेन्सरवर एफ/११ च्या पुढे डिफ्रॅक्शनमुळे (छोट्या छिद्रातून उजेड पसरल्यामुळे) सगळा फोटो मऊ पडायला लागतो, एफ/२२ ला तर शेवाळाचा पोत पार जातो. १८-५५ सारख्या लेन्सची खरी धार एफ/८ ते एफ/११ मध्येच असते. पुढचा दगड आणि मागचा कडा दोन्ही स्पष्ट हवे असतील तर १८ मिमी, एफ/११ वर दीड-दोन मीटरवर फोकस टाका, पुरतं.

आता सेकंद. पाण्यात धारा दिसतात त्या धारांमधल्या काळ्या फटींमुळे. शटर जितका वेळ उघडा तितक्या फटी पांढऱ्या पाण्याने भरत जातात, आणि सगळ्या भरल्या की उरतो तुम्ही म्हणता तो एकसलग पट्टा. पाणी भरपूर असेल तिथे फटी मुळातच कमी, म्हणून तिथे वेळ कमी. जोरात वाहणाऱ्या रंध्याला १/१५ ते १/४. रतनवाडीच्या बाजूच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या ओहोळांना १/४ ते १/२. कड्यावरून सुटणाऱ्या बारीक, लांबच्या धारेला १ सेकंद, कधी २.

लांबच्या धारेला वेळ जास्त लागण्याचं कारण साधं आहे. ५० मीटरच्या कड्यावरून पाणी खाली पोचायला तीन सेकंदांच्या वर लागतात, ३ मीटरच्या पायरीवरून पाऊण सेकंद. दोन्ही चौकटीत सारख्याच उंचीचे बसवले तर उंच धबधब्याचं पाणी चौकटीतून चौपट हळू सरकतं.

एक्स्पोजरमध्ये कॅमेरा दोन्हीकडून फसतो. चौकटीत ओला काळा बेसाल्ट जास्त आणि पाणी कमी असेल तर तो काळ्याला उजळ करायला जातो आणि पाणी जाळतो. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे २/३ ते उणे १ स्टॉप. उलट धुकं किंवा तुषारांचा पांढरा पडदा जास्त असेल तर तो सगळं काळपट करतो, तिथे अधिक २/३ ते अधिक १. स्क्रीनवर जळालेला भाग लुकलुकण्याची सोय चालू ठेवा. मुख्य धारेत सलग लुकलुकायला लागलं की एकतृतीयांश स्टॉपने खाली या. तुषारांतले चार ठिपके लुकलुकले तर लुकलुकू देत. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढत असाल तर सावल्या नंतर दोन स्टॉपपर्यंत वर येतात, जळालेलं पाणी येत नाही.

आभाळाचं म्हणाल तर ते चौकटीतच घेऊ नका. अशा दिवशी आभाळ ही चौकटीतली सगळ्यात उजळ आणि सगळ्यात रिकामी गोष्ट असते. धबधब्याच्या डोक्याच्या जरा खाली काटा, किंवा ५५-२५० लावून मधलाच टप्पा उचला. सह्याद्रीत लाव्हाचे आडवे थर एकावर एक आहेत. कठीण थर पुढे येतो, त्याखालचा मऊ थर झिजून आत जातो, म्हणून आपल्याकडचं पाणी टप्प्याटप्प्याने उड्या घेत उतरतं. त्यातले दोन-तीन टप्पे नीट निवडले तर पूर्ण धबधब्याच्या फोटोपेक्षा बरेचदा उजवे दिसतात.

राहिला कातळाचा चकाकतेपणा. ‘ढगाळ हवेत सीपीएल कशाला’ असं बरेच जण म्हणतात. सीपीएलचा खरा उपयोग तर तेव्हाच. ओल्या दगडावर आणि पानांवर पांढऱ्या आभाळाचं प्रतिबिंब पडतं, ती राखाडी चकाकी. तिरक्या कोनातून येणारी चकाकी सीपीएल कापतो. दगडाच्या पृष्ठभागाशी साधारण ३५-४० अंशांचा कोन झाला की सगळ्यात जास्त. दगड समोरासमोर असेल तर फिल्टर कितीही फिरवा, फरक पडणार नाही. दोन पावलं बाजूला सरका. फिरवताना पाण्याकडे बघू नका, पुढच्या एका ओल्या पानाकडे बघा. ते पांढुरकं असतं ते एका क्षणी हिरवंगार होतं, तिथे थांबा. आडव्या चौकटीवरून उभी केली की फिल्टरही पुन्हा फिरवायला हवा, हे हमखास विसरलं जातं.

निळी झाक म्हणजे व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवायचं सेटिंग) चुकलेला. क्लाउडी लावा किंवा हाताने ६००० ते ६५०० केल्विन. गर्द झाडीत पानांतून गाळून आलेला उजेड हिरवट असतो, तिथे टिंट थोडा किरमिजीकडे न्या. आणि कृपा करून एडिटिंगमध्ये पाण्यावर ड्रॉपर (रंग उचलायचं साधन) टेकवून व्हाइट बॅलन्स काढू नका. जोराच्या पावसानंतर आपल्याकडचं पाणी तांबूस असतं. ते पांढरं करायला गेलात की अख्खं रान निळं पडतं.

पाणकळा
वरचं सगळं बरोबर, पण ओल्याचं राहिलं. निम्मे फोटो तिथेच जातात.

थेंब आणि वाफ या दोन वेगळ्या भानगडी आहेत. वाफेचं आधी. एसी लावलेल्या गाडीत लेन्स २० अंशांवर आलेली असते. बाहेर हवा २३-२४ अंश आणि पाण्याने गच्च. काच बाहेर काढली की लगेच धूसर, आणि पुसली की पुन्हा धूसर, कारण काच थंडच आहे. पुसत बसू नका. शेंडी सोडल्यावर एसी बंद आणि खिडक्या किलकिल्या, किंवा बॅग सरळ डिकीत. स्पॉटवर पोचण्याआधी निदान २० मिनिटं बॅग बंद ठेवूनच बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. फिल्टर आणि लेन्स यांच्या मधल्या फटीत धरलेली वाफ बाहेरून पुसली जात नाही, त्यासाठी फिल्टर काढावाच लागतो. म्हणून सीपीएल शक्यतो खोलीवरच, कोरड्यात लावून निघा.

थेंबांसाठी: लेन्सचा हूड (पुढची झालर), मोठी छत्री, आणि मायक्रोफायबरची निदान पाच-सहा फडकी, प्रत्येक वेगळ्या झिप पिशवीत. एकच फडकं ओलं झालं की ते पाणी पुसत नाही, पसरवतं. क्रम असा ठेवा: चौकट आणि फोकस आधी पक्कं करा, फोकस मॅन्युअलवर टाका, लेन्सवर फडकं धरा, वाऱ्याची झुळूक जराशी पडली की फडकं काढून लगेच शटर. दर फ्रेमनंतर समोरची काच बघायची. फोटोंच्या मध्ये लेन्स जमिनीकडे तोंड करून.

छोटं छिद्र थेंब जास्त दाखवतं हेही लक्षात असू दे. एफ/५.६ ला जो थेंब नुसता धूसर डाग असतो तो एफ/२२ ला गोल बिल्ला होऊन बसतो. एफ/२२ सोडायला हे दुसरं कारण.

१८ मिमीला सीपीएलवर एनडी चढवला तर कोपरे काळे पडतील. २२-२४ मिमीपर्यंत झूम करा की जातात.

उलटीधार
सेकंदांची चर्चा चालली आहे ती सगळी पाणी रेशमी करायची. प्रत्येक धबधबा रेशमी का हवा, हे मला कधी कळलेलं नाही. घाटघरचा कोकणकडा किंवा साम्रदची सांदण दरीकडची बाजू घ्या. नैर्ऋत्येचा वारा कोकणातून येऊन कड्यावर आपटतो आणि सरळ वर चढतो, कड्यावरून सुटलेलं पाणी तोच उलटं फेकतो. याला १ सेकंद दिलात तर फक्त धुरकट डाग येईल. पाणी वर जातंय की खाली हे कळणारच नाही. इथे १/५०० ते १/१०००, एफ/५.६, आयएसओ ८०० ते १६००. थेंबांचे लोट वळताना दिसले पाहिजेत. सीपीएल काढून ठेवा, दोन स्टॉप उजेड परत मिळतो.

उभं राहायचं बाजूला, ५५-२५० लावून, धारेच्या मागे काळा कडा येईल असं. समोर उभं राहिलात तर मागे पांढरं आभाळ आणि पांढऱ्यावर पांढरं पाणी, शिवाय तोच वारा लेन्समध्ये. आणि कड्याच्या कडेपासून चांगलं आत. भोवऱ्यासारखा वारा येतो, ओल्या गवताखाली कड कुठे संपते ते दिसत नाही.

तुमच्या धुक्याच्या प्रश्नाबद्दल. धुकं दाट असेल तर सीपीएल, डीहेझ (एडिटिंगमधली धूसरपणा कमी करायची पट्टी), कशाचाही उपयोग नाही. डीहेझ ओढलं की फक्त दाणे आणि निळेपणा वाढतो. लांबचे कडे विसरा आणि जवळ या: दहा-पंधरा मीटरवरचा ओहोळ, पुढे एखादं गडद झाड किंवा शेवाळलेला दगड, मागे धुक्यात विरत जाणारं पाणी. ऑटोफोकस धुक्यात भटकतो, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर) दगडाच्या कडेवर मोठं करून हाताने फोकस करा. घाटघरला धुकं बरेचदा पट्ट्यापट्ट्याने येतं, मध्येच दरी उघडते आणि मिटते. तेव्हा लेन्स बदलत बसलात तर गेलं. ५५-२५० चढवून, एक्स्पोजर मॅन्युअल करून तयार राहायचं.

रानवाट
हे तर सोनंच. काळाकातळ, एफ/२२ चं बरोबर ओळखलंत, दोन्ही फिल्टर एकावर एकच होते. आणखी दोन शंका. एक, अर्धा सेकंद दिला की आजूबाजूची पानं हलून चिखल होतो. दोन, ट्रायपॉड प्रवाहात ठेवला तर सगळंच हललेलं येतं.

काळाकातळ
पानांसाठी दोन फ्रेम. ट्रायपॉड, चौकट, फोकस, छिद्र काहीही न हलवता पहिली फ्रेम पाण्यासाठी: आयएसओ १००, १/२ सेकंद. दुसरी पानांसाठी: आयएसओ ३२००, १/६०. दोन्हींमध्ये पाच स्टॉपचा फरक आहे आणि तो आयएसओनेच भरून निघतो, म्हणजे उजेड सारखाच येतो. घरी दोन थर करून मास्कने पानं दुसरीतून घ्या. छिद्र मोठं करून वेळ कमी करू नका, मग दोन फ्रेममध्ये धूसरपणा वेगळा येतो आणि जोड दिसतो. वारा थांबायची वाट बघणं हाही उपाय आहे, फक्त धबधबा स्वतःच वारा तयार करतो, त्यामुळे पायथ्याशी तो थांबत नाही.

ट्रायपॉड: पाय वाहत्या पाण्यात असले की पाणी त्यांना थरथरवत राहतं. शक्य तितके पाय कोरड्या दगडावर ठेवा. पाण्यात ठेवावेच लागले तर सगळ्यात जाड नळीच पाण्यात राहील असं बघा. म्हणजे खालच्या बारीक नळ्या बाहेर काढूच नका, पाय फाकवून बसका करा. एक पाय प्रवाहाच्या वरच्या बाजूला, दोन खालच्या. मधला खांब पूर्ण खाली. तळाशी वाळू-गोटे असतील तर पाय दाबून, हलवून बसवा, मगच कॅमेरा चढवा. बॅग मधल्या हुकला लटकवायची तर ती जमिनीला टेकली पाहिजे, नाहीतर वाऱ्यात झोके घेते आणि फायद्याऐवजी तोटा. स्टॅबिलायझेशन बंद. बटण हाताने दाबायचं नाही, २ सेकंदांचा टायमर, आणि डीएसएलआर आहे तर लाइव्ह व्ह्यूमधून काढा म्हणजे आरशाचा धक्का जातो. १/१५ ते १ सेकंद या टप्प्यात तो धक्का सगळ्यात जास्त दिसतो, आणि आपण नेमके तिथेच काम करतोय.

व्ह्यूफाइंडरमधून मागचा उजेड आत शिरून मीटर बिघडतो, तेही लाइव्ह व्ह्यूने सुटतं.

शेंडीकर
जागेबद्दल थोडं. रंधा नुसत्या पावसावर नाही, भंडारदरा धरणाच्या विसर्गावर आहे, कारण तो प्रवरेवरच धरणाच्या खाली दहा-अकरा किलोमीटरवर आहे. वर धो धो पाऊस आणि धरणाची दारं बंद, असं असेल तर रंधा अपेक्षेपेक्षा बारीक दिसतो. ऑगस्टअखेर धरण सहसा भरलेलं असतं, तरी निघण्याआधी बातम्यांत विसर्ग किती क्युसेक चाललाय ते बघा. धरणाच्या भिंतीखालच्या अंब्रेला फॉलचंही तेच, पाणी सोडलं असेल तरच तो छत्रीसारखा उलगडतो. रंध्याला विसर्ग मोठा असेल तर तुषार दर्शन गॅलरीपर्यंत येतात. तेव्हा ५५-२५० घेऊन मागच्या बाजूने काढा, पुढच्या कठड्याशी भांडू नका.

विसर्गाचा दुसरा अर्थ: तुमच्या डोक्यावर पाऊस नसतानाही नदी वाढू शकते. प्रवरेच्या पात्रात उतरायचंच नाही. छोट्या ओहोळात उभे असाल आणि पाणी अचानक गढूळ झालं, पाला-काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज घुमायला लागला, तर ट्रायपॉड आवरत न बसता वर या. दगड ओलांडताना काळे, बुळबुळीत, शेवाळलेले टाळा. खरबरीत राखाडी दगडावर पाय टिकतो.

हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नाक्यावर प्रवेश शुल्क घेतात, ड्रोन वन विभागाच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. पावसाळ्यात धबधब्यांपाशी जायला प्रशासनाचे मनाई आदेशही निघतात, ते त्या-त्या आठवड्याला बदलतात, निघायच्या आदल्या दिवशी खात्री करा. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळाच. रतनवाडीच्या रस्त्यावर गाड्या अडकल्या की उजेड आणि मूड दोन्ही संपतात. ढगाळ हवेचा फायदा हाच की सकाळी सहालाच गाठायची सक्ती नाही. सकाळी नऊ ते दुपारी चार उजेड फार बदलत नाही. गर्दी कधी नसते एवढंच बघायचं.

पाणकळा
मोबाइलवाल्यांसाठी. मोबाइलचं छिद्र एफ/१.८ च्या आसपास असतं आणि बहुतेक फोनमध्ये बदलता येत नाही. उघड्यावर ढगाळ हवेत आयएसओ ५० ला त्याला १/६०० सेकंद पुरतो. म्हणजे प्रो मोडमध्ये नुसता १/४ लावला की फोटो कोरा पांढरा. खरा १/४ हवा तर सात-आठ स्टॉपचा क्लिप-ऑन एनडी हवा. तो नसेल तर सॉफ्टवेअरने काम भागवा. आयफोनमध्ये लाइव्ह फोटो चालू ठेवून काढा, शटरच्या आधी आणि नंतर दीड-दीड सेकंद फोन अजिबात हलवू नका, मग फोटो उघडून ‘लाइव्ह’वर टेकवा आणि लाँग एक्स्पोजर निवडा. कडेचा थोडा भाग कापला जातो, म्हणून चौकट सैल ठेवा. काही अँड्रॉइड फोनमध्ये लाँग एक्स्पोजर किंवा वाहत्या पाण्याचा मोड कॅमेऱ्यातच असतो. दोन्हीकडे फोन दगडावर टेकवलेला किंवा ट्रायपॉडवर. आणि धबधब्यावर बोट दाबून धरून एक्स्पोजर लॉक करा, मग सरकपट्टी थोडी खाली ओढा. नाहीतर फोन झाडी उजळवतो आणि पाणी जाळतो.

परत आल्यावरचं काम तितकंच महत्त्वाचं. ओली बॅग कपाटात गेली की महिन्याभरात लेन्समध्ये बुरशी. त्याच रात्री सगळं बाहेर काढा, फिल्टर लेन्सवरून सोडवा, बॅटरी आणि कार्डाची दारं उघडी ठेवून पंख्याखाली रात्रभर. उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली नाही, वंगण पातळ होऊन छिद्राच्या पाकळ्यांवर येतं. मग हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० च्या मध्ये. सिलिकाचे नारंगी दाणे हिरवट पडले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास, रंग परत येईपर्यंत. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवू नका, कोंड्याची भुकटी झूमच्या रिंगमध्ये जाते.

ट्रायपॉडच्या नळ्या उघडून गोड्या पाण्याने धुवा, सुटे वाळवा. गढूळ पाण्यातली बारीक वाळू कुलपांत राहिली तर पुढच्या वेळी पाय घट्ट बसत नाहीत आणि कॅमेरा हळूहळू खाली घसरतो.

उलटीधार
सीपीएल सुटत नसेल तर दोन्ही बोटांनी आवळू नका. आवळल्यावर रिंग लंबगोल होते आणि आटे आणखी धरतात. जाड रबर बँड कडेने गुंडाळा आणि तळहात सपाट ठेवून हलका दाब देत फिरवा. फक्त मागची रिंग धरली पाहिजे. पुढची रिंग मोकळीच फिरते, लोक तीच तासभर फिरवत बसतात.